आश्रय मागणाऱ्याच्या मदतीला उभे राहताना: पुण्यातील नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

पुण्यात शिक्षणासाठी किंवा उपचारांसाठी आलेला एखादा अफगाण, येमेनी, सुदानी किंवा म्यानमारचा नागरिक जेव्हा ‘मला आता मायदेशी परतता येणार नाही’ असे सांगतो, तेव्हा ते प्रथम ऐकणारा माणूस बहुधा वकील किंवा अधिकारी नसतो. तो घरमालक असतो, प्राध्यापक असतो, वसतिगृहाचा अधीक्षक असतो किंवा शेजारच्या फ्लॅटमधील कुटुंब असते. हा लेख अशा मंडळींसाठी आहे. मदतीची इच्छा असणारे लोक या शहरात कमी नाहीत, पण त्यांतील बरेच जण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. ते दिल्लीतील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाचा पत्ता शोधतात, ओळखीच्या नगरसेवकाला फोन करतात, कोणी तर वृत्तपत्रात बातमी देण्याच्या खटपटीला लागतात, आणि या धावपळीत व्हिसाची मुदत संपून जाते. निर्वासित म्हणून मान्यता मिळणे ही भारतात लांबची आणि अनिश्चित गोष्ट आहे. कायदेशीर वास्तव्य टिकवणे ही जवळची आणि बरीचशी आपल्या हातातली गोष्ट आहे. पुढील पायऱ्यांचा क्रम त्यामुळेच कागदांवरील तारखांनुसार लावलेला आहे.

सुरुवातीला: कायदा काय म्हणतो ते समजून घ्यावे

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आणि त्याच्या १९६७ च्या पूरक मसुद्यावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून देशात इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ लागू झाला असून त्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे बाजूला सारले आहेत. या कायद्याच्या दृष्टीने परदेशी माणूस दोनच प्रकारचा असतो: वैध कागद असलेला आणि नसलेला. वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय देशात प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुदत उलटून राहिल्यास ही मर्यादा तीन वर्षे आणि तीन लाख रुपये अशी आहे. माणूस का पळून आला, हा प्रश्न या कलमांत कोठेही येत नाही.

तरीही भारताने निर्वासितांना आसरा दिला नाही असे म्हणता येणार नाही, आणि महाराष्ट्राला तर ते मुळीच म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश लोक वसाहत करून राहिले होते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची पिंपरी कॅम्पात वस्ती झाली. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावला तिबेटी वसाहत आजही आहे. पुण्याचे पोलीस आयुक्तालय, जेथे परदेशी नागरिकांची नोंदणी होते, ते ज्या साधू वासवानी चौकाजवळ आहे, त्या चौकाला ज्यांचे नाव आहे ते साधू वासवानी स्वतः फाळणीनंतर सिंध सोडून पुण्यात आलेले होते. मात्र हा सारा आसरा कायद्याने दिलेला नसून त्या त्या वेळच्या सरकारी निर्णयाने दिलेला आहे. त्यामुळे कोणत्या देशातून, कोणत्या धर्माचा आणि कोणत्या तारखेपूर्वी आलेला माणूस समोर आहे यावर त्याची वाट ठरते. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार थेट पाहते. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोक ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भारतात आलेले असतील, तर कागदांअभावी होणाऱ्या शिक्षेतून त्यांना २०२५ च्या सूट-आदेशाने वगळले आहे. त्याच काबूलमधून त्याच विमानाने आलेला हजारा जमातीचा मुसलमान या सवलतीत बसत नाही. हा भेद न्याय्य आहे असे मला वाटत नाही, परंतु नव्या कार्यकर्त्याने तो पहिल्याच दिवशी नीट समजून घ्यावा, कारण त्यावाचून दिलेला सल्ला चुकतो.

न्यायालयांकडून काय अपेक्षा ठेवावी याचाही अंदाज असावा. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या २१ व्या कलमाचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे असे सांगितले. पुढे ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हे तत्त्व मान्य केले, पण देशाबाहेर न काढले जाण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या आणि स्थायिक होण्याच्या हक्काशी जोडलेला असून तो केवळ नागरिकांना आहे, असे म्हणून त्यांची पाठवणी थांबवण्यास नकार दिला. म्हणजे जीवाचे रक्षण मागता येते, राहण्याचा हक्क मागता येत नाही, आणि या दोहोंमधील अरुंद पट्ट्यातच सारे काम करावे लागते.

पहिली पायरी: ऐकण्याआधी कागद पाहावेत

पहिल्या भेटीत माणसाची पूर्ण कहाणी विचारू नये. ती त्याला पुढे आश्रयाच्या मुलाखतीत सविस्तर सांगावीच लागते, आणि दहा जणांना दहा वेळा सांगून तो थकलेला असतो. त्याऐवजी पासपोर्ट, व्हिसा आणि नोंदणीचा कागद या तिन्हींच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून घ्याव्यात, आणि त्यांतील सर्वांत जवळची तारीख हेच पहिले काम समजावे. सर्व कागदांचे स्पष्ट स्कॅन करून ते त्याच्याच ईमेलवर ठेवावेत. मूळ पासपोर्ट घरमालकाने, एजंटाने किंवा आपणही ‘सुरक्षित राहावा’ म्हणून ठेवून घेऊ नये.

यानंतर नाव आणि जन्मतारीख सर्व कागदांवर सारखी आहे का ते तपासावे. येथे वाटते त्यापेक्षा जास्त वेळ जातो. अनेक अफगाण लोकांना आडनाव नसते. ओळखपत्रावर, म्हणजे तझकिऱ्यावर, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आजोबांचे नाव असते. आपल्याकडच्या प्रवेश अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा असल्यामुळे एका महाविद्यालयाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव आडनाव होऊन बसते, दुसऱ्या कागदावर पहिलेच नाव दोनदा छापले जाते आणि बँकेत तिसरेच काहीतरी लागते. जन्मतारखेचा घोळ त्याहून बारीक असतो. अफगाण सौर पंचांगाचे वर्ष मार्चच्या एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुरू होते, त्यामुळे तझकिऱ्यावरचे १३८१ हे वर्ष २००२ असू शकते आणि २००३ सुद्धा. जदी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीच्या पहिल्या तीन आठवड्यांत जन्मलेल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर एक साल आणि पासपोर्टवर दुसरे साल असणे अगदी शक्य आहे. अधिकाऱ्याला ही विसंगती लबाडी वाटते. ती आधीच शोधून, कोणत्या कागदावर काय लिहिले आहे आणि का, याचे अर्ध्या पानाचे सरळ टिपण त्या माणसाकडून लिहवून घ्यावे. जुळवून घेण्यासाठी कोणताही कागद ‘दुरुस्त’ करू नये. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास नव्या कायद्याने दोन ते सात वर्षे कारावास आणि एक ते दहा लाख रुपये दंड आहे.

एक सावधगिरी विशेष पाळावी. पासपोर्ट संपत आला असेल तर आपण होऊन त्याच्या देशाच्या वकिलातीला फोन करू नये. ज्याला त्याच्या सरकारचीच भीती आहे त्याचा पत्ता आपल्या भाबडेपणामुळे त्याच सरकारच्या हाती पडू शकतो, आणि आश्रयाच्या मुलाखतीत ‘भीती होती तर वकिलातीत कसे गेलात’ हा प्रश्नही निघू शकतो. जावे की नाही हा निर्णय त्याचाच असतो. आपण फक्त दोन्ही बाजूंचे परिणाम त्याच्यापुढे मांडावेत.

दुसरी पायरी: व्हिसा, नोंदणी आणि पत्ता

व्हिसाची मुदतवाढ, नोंदणी आणि पत्त्यातील बदल ही सर्व कामे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या ई-एफआरआरओ या संकेतस्थळावरून होतात. अर्जदाराला बोलावणे आले तरच कार्यालयात जावे लागते. विद्यार्थ्याच्या मुदतवाढीसाठी महाविद्यालयाचे बोनाफाइड प्रमाणपत्र आणि राहण्याचा पुरावा हे दोन कागद निर्णायक असतात आणि दोन्ही पुण्यातल्याच माणसांच्या सहीवर अडतात. प्राध्यापक असाल तर ते प्रमाणपत्र मुदत संपण्याच्या बरेच आधी हातात पडेल असे पाहणे, ही कोणत्याही निषेधपत्रापेक्षा मोठी मदत आहे. अर्जात पोलीस ठाणे निवडताना लक्ष द्यावे, कारण हिंजवडी आणि वाकड हा भाग पुणे नव्हे तर पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतो.

घरमालकाच्या जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत. परदेशी व्यक्ती राहायला आल्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवावी लागते. वर्षानुवर्षे या नोंदीला ‘फॉर्म सी’ म्हटले जात आले आहे. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असावा आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना दिलेली असावी. ‘उगाच कशाला पोलिसांच्या नजरेत आणायचे’ अशा दयाबुद्धीने ही नोंद टाळणारे घरमालक भाडेकरूचेच नुकसान करतात, कारण नोंद नाही म्हणजे राहण्याचा पुरावा नाही आणि पुरावा नाही म्हणजे मुदतवाढ नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाडेकरूची हकिगत टाकण्याचे मात्र काहीच कारण नाही.

मुदत उलटून गेलेली असेल तर लपून राहण्याचा सल्ला देऊ नये. विलंबाचे कारण लिहून, आजारपण असल्यास रुग्णालयाचे कागद जोडून, शक्यतो वकिलाच्या सल्ल्याने अर्ज करावा. उद्या तिसऱ्या देशात जाण्याची संधी आली तरी मुदतबाह्य राहिलेल्या माणसाला देश सोडण्यासाठी याच कार्यालयाची परवानगी लागते.

तिसरी पायरी: दिल्लीतील अर्ज

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांचे कार्यालय, ज्याला सर्व जण यूएनएचसीआर म्हणतात, ते नवी दिल्लीत आहे. म्यानमार आणि भारताला लागून नसलेल्या देशांतून आलेल्या लोकांची नोंदणी तेथे होते. अफगाण लोकांचेही अर्ज तेच कार्यालय घेते. प्रथम संपर्क, मग नोंदणी आणि प्रकरण विचाराधीन असल्याचे प्रमाणपत्र, नंतर सविस्तर मुलाखत, शेवटी लेखी निर्णय आणि नकार आल्यास ठराविक मुदतीत अपील, असा हा क्रम आहे. प्रत्येक टप्प्याला महिने लागतात, कधी त्याहून बरेच अधिक. या साऱ्या कामाला एक रुपयाही शुल्क नाही. ‘लवकर नंबर लावून देतो’ म्हणणारा एजंट कोंढव्यातला असो वा दिल्लीतला, तो फसवतो आहे असेच समजावे.

मुलाखतीत मूळ प्रश्न एकच असतो: परत गेल्यास वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे छळाची साधार भीती आहे. युद्ध किंवा सर्रास हिंसाचार हेही कारण हे कार्यालय विचारात घेते, परंतु ‘तेथे नोकरी नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. येथे मदतनीसांच्या हातून एक ठराविक गोष्ट होते: ते कहाणी ‘सुधारून’ देतात. छळ कमी वाटला तर वाढवतात, विस्कळीत प्रसंग सलग करून देतात आणि दुसऱ्या कोणाच्या मंजूर झालेल्या प्रकरणातील वाक्ये उचलतात. मुलाखत घेणाऱ्यांनी अशा शेकडो कहाण्या ऐकलेल्या असतात आणि पढवलेली कहाणी त्यांना लगेच ओळखू येते. आपण फक्त घटनांचा कालक्रम लिहायला साहाय्य करावे: काय झाले, कोठे झाले, साधारण केव्हा झाले आणि कोणाला कळले. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हेच लिहावे. दुभाषा कार्यालयाकडून विनामूल्य मिळतो. स्त्रीला स्त्री अधिकारी आणि स्त्री दुभाषी हवी असल्यास तिने तसे आधी कळवावे, आणि हे तिला नवऱ्यासमोर नव्हे तर स्वतंत्रपणे विचारावे. कुटुंबातील एखाद्या स्त्रीचा स्वतःचा, वेगळा आणि अधिक बळकट दावा असू शकतो, हे घरातल्या पुरुषांना बहुधा सुचतच नाही.

यूएनएचसीआरकडून मिळणारे निर्वासित-कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, ही गोष्ट अर्ज करण्यापूर्वीच स्पष्ट सांगावी. सरकार त्याला वास्तव्याचा परवाना मानत नाही आणि केवळ त्यावर आधार कार्ड मिळत नाही. आधार कार्ड वैध व्हिसा असलेल्या आणि मागील बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीला मिळू शकते. निर्वासित-कार्डाचा उपयोग पोलिसांशी बोलताना, काही संस्थांची मदत मिळवताना आणि पुढे पुनर्वसनासाठी होतो. तो थोडा वाटला तरी खरा आहे.

चौथी पायरी: दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि नागरिकत्व

केंद्रीय गृह मंत्रालयाने निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्यांसाठी २०११ मध्ये एक कार्यपद्धती आखली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. तिच्यानुसार छळाची भीती प्रथमदर्शनी खरी वाटल्यास प्रकरण दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी गृह मंत्रालयाकडे जाऊ शकते. असा व्हिसा मिळालेल्या माणसाला खासगी नोकरी करता येते आणि शिक्षण घेता येते; विद्यार्थी-व्हिसावर नोकरी चालत नाही. मंजुरीची हमी नाही, पण अर्ज करण्याची ही वाट अनेकांना ठाऊकच नसते.

पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातील वर उल्लेखिलेल्या सहा समाजांसाठी नागरिकत्वाची वाट मोकळी आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायदा, २०१९ चे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. त्यासाठी प्रवेशाची अखेरची तारीख ३१ डिसेंबर २०१४ आहे. शिक्षेतून सूट देणारी २०२४ ची तारीख वेगळी आणि नागरिकत्वाची ही तारीख वेगळी. वर्तमानपत्रांतही या दोहोंची गल्लत झालेली दिसते. अर्ज ऑनलाइन होतो आणि जिल्हा पातळीवरची समिती टपाल खात्याच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली असते. याशिवाय दीर्घ मुदतीच्या व्हिसावरील या समाजांच्या लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार २०१६ च्या अधिसूचनेने ज्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले गेले त्यांत पुण्याचाही समावेश होता. पिंपरीतील पाकिस्तानी सिंधी कुटुंबांना ही माहिती आपल्याहून अधिक असते. त्यांच्या समाजसंस्थांना विचारावे.

रोजच्या गरजा

सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घेताना नागरिकत्वाची अट शिक्षणहक्क कायद्यात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलांनी प्रवेशासाठी थेट शाळेकडे जावे आणि पात्र असूनही नकार मिळाल्यास उच्च न्यायालयात दाद मागावी असे सुचवले. मुख्याध्यापकांकडे आवाज चढवून नव्हे, तर लेखी अर्ज आणि पोच घेऊन जावे. तातडीच्या उपचारांसाठी ससूनमध्ये नेण्यास संकोच करू नये, मात्र दाखल करून घेतलेल्या परदेशी रुग्णाची माहिती रुग्णालयाला नोंदणी कार्यालयाकडे कळवावी लागते, हे आधी सांगून ठेवावे.

दुसऱ्या देशाची आशा

‘मला कॅनडाला पाठवा’ हा प्रश्न प्रत्येकाला ऐकावा लागतो. २०२४ च्या अखेरीस जगात १२.३२ कोटी लोक बळजबरीने विस्थापित झालेले होते, आणि त्यांतील निर्वासितांपैकी सुमारे ७३ टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. दर वर्षी तिसऱ्या देशात पुनर्वसन होणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते, आणि त्यासाठी स्वतः अर्ज करता येत नाही; निवड यूएनएचसीआर आणि तो देश करतात. कॅनडात १९७९ पासून खासगी नागरिकगटांनी निर्वासितांना प्रायोजित करण्याची पद्धत आहे, परंतु पाच जणांच्या गटांकडून नवे अर्ज घेणे नोव्हेंबर २०२४ पासून थांबवण्यात आले. जर्मनीसारख्या देशात आश्रयाचा हक्क कायद्यात आहे, पण तो मागण्यासाठी आधी त्या भूमीवर पोहोचावे लागते. दिल्लीतील वकिलातीत जाऊन तो मागता येत नाही. तुर्कस्तानने करारावर स्वाक्षरी केलेली असूनही युरोपबाहेरून आलेल्यांना तो पूर्ण निर्वासित मानत नाही, आणि युगांडासारखा गरीब देश निर्वासितांना जमिनीचा तुकडा आणि काम करण्याची मुभा देतो. करारावरची स्वाक्षरी आणि प्रत्यक्ष वागणूक यांचा संबंध किती सैल आहे, हे यावरून दिसते. विद्यार्थ्यासाठी सर्वांत वास्तववादी वाट बहुतेक वेळा परदेशी विद्यापीठातील प्रवेश आणि शिष्यवृत्ती ही असते, आणि त्यात पुण्यातील प्राध्यापकाचे शिफारसपत्र खरोखर कामाला येते.

पोलिसांनी ताब्यात घेतल्यास

ही पायरी गरज पडण्यापूर्वी पार पाडायची असते. त्या माणसाच्या मोबाइलमध्ये आणि पाकिटातील कागदावर एका वकिलाचा आणि एका स्थानिक परिचिताचा क्रमांक असावा. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता हे साहाय्य आहे, आणि त्यात नागरिकत्वाची अट नाही. अटक झाल्यास कारण सांगणे, वकिलाला भेटू देणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे हे राज्यघटनेच्या २२ व्या कलमाचे संरक्षण परदेशी व्यक्तीलाही आहे. पोलीस ठाण्यात गेल्यावर तीन गोष्टी शांतपणे आणि लेखी द्याव्यात: कागदांच्या प्रती, यूएनएचसीआरकडील प्रकरण क्रमांक आणि ‘माझ्या देशाच्या वकिलातीला माझी माहिती देऊ नये’ अशी त्या व्यक्तीची स्वतःच्या सहीची विनंती. ही विनंती मान्य होईलच असे नाही, परंतु ती नोंदीत असली तर पुढे उच्च न्यायालयात वकिलाला तिचा आधार घेता येतो. त्याच दिवशी यूएनएचसीआरला ईमेल करावा आणि त्यात अटकेची वेळ, पोलीस ठाण्याचे नाव आणि लावलेली कलमे लिहावीत. कलमे ठाणे अंमलदाराकडून विचारून, गुन्हा क्रमांकासह उतरवून घ्यावीत. ती ऐकीव लिहू नयेत.